न बोलणाऱ्या लेकराच्या हातात चित्र कसं द्यायचं

"चल ऊठ, ब्रश कर, दूध पी, युनिफॉर्म घाल, व्हॅन येऊन राहिली, आणि काल ती लाल बॉटल कुठं ठेवली ते सांग आधी."

सकाळी साडेसहाला हे वाक्य नागपुरातल्या कुठल्याही घरातून ऐकू येईल. त्यात चार हुकूम आहेत, एक बातमी आहे, एक प्रश्न आहे, आणि "आधी" शेवटी आल्यामुळे सगळा क्रमच उलटला आहे. बहुतेक मुलं यातून वाट काढतात. त्यांना रोजचा क्रम पाठ असतो, आईच्या चेहऱ्यावरून घाई कळते, आणि न समजलेलं विचारता येतं. ज्या लेकराला ऐकलेल्या भाषेचा अर्थ लावायलाच वेळ लागतो, ते "ब्रश"पर्यंत पोचतं तोवर वाक्य संपलेलं असतं. मग आई पुन्हा सांगते, जरा मोठ्यानं आणि वेगळ्या शब्दांत: "अरे दात घास म्हटलं ना!" आईच्या दृष्टीनं ही तीच सूचना असते. लेकरासाठी मात्र हे नवंच वाक्य असतं, आणि पहिल्याचा अर्थ लावण्याचं अर्धवट काम तिथंच सुटतं.

बोललेला शब्द थांबत नाही. समोरचं चित्र थांबतं. लेकरू त्याच्याकडे एकदा बघेल, नजर फिरवेल, पुन्हा बघेल. चित्र तिथंच असेल, तेच असेल, आवाज न चढवता. वाचा-भाषेच्या अडचणी असलेल्या मुलांसोबत चित्रं वापरण्यामागचं मुख्य कारण एवढंच आहे.

आपणही हेच करतो. नागपूर मेट्रोच्या सीताबर्डी स्टेशनवर ऑरेंज लाइन आणि ॲक्वा लाइन एकमेकींना मिळतात. तिथं पहिल्यांदा उतरलेला माणूस घोषणेवर विसंबत नाही. तो पाट्यांचा रंग आणि बाण बघत चालतो. घोषणेतले शब्द त्याला कळत नाहीत असं नाही. नवी जागा, गर्दी आणि घाई असली की डोळ्यांना जे दिसतं ते धरून चालणं सोपं जातं. काही मुलांसाठी रोजची सकाळ तशीच असते.

कोणत्या मुलांना हा आधार लागतो? स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेली मुलं पहिल्यांदा आठवतात, पण यादी त्यांच्यापुरती नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच मुलांना ऐकून शिकण्यापेक्षा बघून शिकणं सोपं जातं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही मुलांना सगळं समजतं, पण जीभ आणि ओठांचे स्नायू साथ देत नाहीत. काही मुलांना दुसरं कुठलंच निदान नसतं, फक्त भाषाच उशिरा आणि अडखळत येते. ती साध्या शाळेत मागच्या बाकावर बसतात आणि "लक्ष देत नाही" हा शेरा घेऊन घरी येतात.

चित्रांकडे वळण्याआधी एक गोष्ट मात्र करून घ्यावी: कानांची तपासणी. लेकरू टीव्हीवरच्या जाहिरातीकडे वळून बघतं म्हणून त्याला नीट ऐकू येतं, असं ठरवता येत नाही. लहान मुलांना "बटण दाब" सांगावं लागत नाही अशा तपासण्या असतात. पालक त्यांना बेरा टेस्ट आणि ओएई म्हणून ओळखतात. ऐकू कमी येत असेल तर आधी त्यावर इलाज, आणि चित्रं त्याच्या जोडीला.

वस्तूपासून सुरुवात, चिन्हावर नाही

चित्र म्हटलं की आपण इंटरनेटवरून रंगीत चित्रांचा संच उतरवतो, छापतो, लॅमिनेट करतो आणि भिंतीवर लावतो. आठवडाभरात घरचे म्हणतात, "हा तर बघतच नाही." तो बघत नाही, कारण त्याला ते काय आहे तेच कळलेलं नाही.

कागदावरची आकृती खऱ्या वस्तूच्या जागी उभी असते, हे समजायला शिकावं लागतं. सगळ्यात सोपी पायरी म्हणजे खरी वस्तूच: आंघोळीला जायचं तर हातात मग, बाहेर जायचं तर चप्पल किंवा गाडीची चावी. त्यानंतर त्याच वस्तूचा फोटो, मग रंगीत चित्र, मग साधं रेघांचं चिन्ह, आणि शेवटी लिहिलेला शब्द. प्रत्येक मूल या सगळ्या पायऱ्या ओळीनं चढतंच असं नाही. काही थेट शब्दांवर उडी मारतात, काही वर्षानुवर्षं फोटोवरच आरामात असतात. आपलं लेकरू कुठं आहे ते घरीच तपासता येतं. त्याच्या आवडीच्या बिस्किटाचा फोटो आणि न आवडणाऱ्या वस्तूचा फोटो समोर ठेवा. त्यानं एक उचलला की ती वस्तू द्या. जागा बदलूनही तो बिस्किटाचाच फोटो उचलत असेल तर फोटो त्याला समजतो. काहीही उचलत असेल, तर एक पायरी खाली उतरून वस्तूंपासून सुरुवात करा. त्यात कमीपणा काही नाही.

फोटो काढतानाही एक गोष्ट सुटते. पाण्याचा ग्लास ओट्यावर ठेवून फोटो काढला, तर मागे सिंक, कुकर, फडकं सगळं येतं. आपण ग्लास बघतो, लेकरू कदाचित कुकर बघतं. ग्लास पांढऱ्या चादरीवर किंवा कोऱ्या कागदावर ठेवा, जवळून आणि समोरून घ्या. एका फोटोत एकच गोष्ट. खाली मराठीत शब्द लिहा. तो लेकरासाठी नंतर कामी येईल, पण आधी मोठ्यांसाठी आहे, म्हणजे आजी एक नाव आणि काका दुसरंच नाव घेणार नाहीत. लॅमिनेशन चकचकीत नको. ट्यूबलाइटखाली चमकलं की काहीच दिसत नाही.

तयार संचांबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. त्यात "आंघोळ" म्हणजे फेसानं भरलेला टब असतो. आपलं लेकरू बादली आणि मगानं अंघोळ करतं. टब त्यानं आयुष्यात पाहिलेला नसतो. "जेवण" म्हणजे काटा-चमचा आणि ब्रेडचा तुकडा, "संडास" म्हणजे कमोड, "शाळेची गाडी" म्हणजे लांबलचक पिवळी बस. नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत व्हॅन येते किंवा ऑटो येतो. मोठं माणूस या चित्रांचा अर्थ लावून घेतं, पण ज्याच्यासाठी ती बनवली त्याला नेमकं तेच जमत नसतं. म्हणून पहिली दहा-पंधरा कार्डं तरी आपल्या घरातल्या वस्तूंचे, आपल्या माणसांचे, आपल्या जागांचे फोटो असावेत. मोबाइल हातात आहेच, आणि फोटो छापून लॅमिनेट करून देणारी झेरॉक्सची दुकानं सीताबर्डीत पावलोपावली आहेत.

"आधी" आणि "मग"

चित्रांची कामं ढोबळपणे दोन. एक, आपण जे सांगतो ते लेकराला समजावं. दोन, लेकराला जे सांगायचं ते त्याला सांगता यावं. पहिल्या कामाकडे सगळे धावतात, त्यामुळे आधी तेच घेऊ. पण लेखाचा खरा मुद्दा दुसऱ्यात आहे.

समजावण्यासाठी सगळ्यात साधं साधन म्हणजे एक पुठ्ठा आणि त्यावर दोन चौकोन: डावीकडे "आधी", उजवीकडे "मग". आधी औषध, मग झोका. शब्दांत सांगताना आपण "औषध घेतल्याशिवाय झोका नाही" म्हणतो. त्यातलं "घेतल्याशिवाय" आणि "नाही" दोन्ही कठीण, आणि लेकराच्या हाती शेवटी फक्त "झोका नाही" लागतं. पुठ्ठ्यावर झोका दिसत असतो. तो येणार आहे, एवढं कळलं तरी निम्मा आरडाओरडा थांबतो.

ते जमलं की दिवसाचा किंवा दिवसातल्या एका तुकड्याचा क्रम. सकाळचा क्रम चार-पाच चित्रांचा, वरून खाली, लेकराच्या डोळ्यांच्या उंचीवर. प्रत्येक काम झालं की लेकरानं ते चित्र स्वतः काढून खालच्या "झालं"च्या पाकिटात टाकायचं. हे काढणं महत्त्वाचं. त्याशिवाय भिंतीवरचा तक्ता म्हणजे नुसतं कॅलेंडर. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉप्लर यांनी १९७२ मध्ये उभारलेल्या टीच कार्यक्रमानं अशी दिसणारी वेळापत्रकं आणि नीट आखलेल्या जागा ऑटिझमच्या शिक्षणात रुजवल्या. त्यांचं म्हणणं ढोबळमानानं असं: मुलाला सारखं बदलायला लावण्याआधी त्याच्या भोवतालची जागा त्याला समजेल अशी करा.

वेळ दाखवणं हा वेगळाच प्रश्न. "पाच मिनिटांत निघू" यातल्या पाच मिनिटांना रंग-रूप काही नाही, शिवाय आपली पाच मिनिटं कधी तीन असतात, कधी वीस. वाळूचं घड्याळ चालतं, मोबाइलमधला कमी-कमी होत जाणारा गोल चालतो. काहीच नसेल तर एका पट्टीवर वेल्क्रोनं पाच चकत्या लावा आणि एकेक काढत जा. शेवटची निघाली की निघायचं. चकती किती वेळानं काढायची हे आपल्या हातात असतं, म्हणून गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्यावर नंबर लागेपर्यंत ही पट्टी घड्याळापेक्षा उपयोगाची ठरते.

आणि "बदल"चं कार्ड. ते पहिल्या आठवड्यातच बनवा. वेळापत्रक लावल्यावर लेकरू त्यावर विश्वास ठेवायला लागतं, आणि मग नेमकी पावसानं शाळेला सुट्टी जाहीर होते, किंवा लाइट जाते आणि कूलर बंद पडतो. तेव्हा ठरलेल्या चित्रावर ठळक "बदल" लावायचा आणि शेजारी नवं चित्र. युक्ती अशी की हे कार्ड पहिल्यांदा चांगल्या बदलासाठी वापरावं: आज अभ्यासाऐवजी महाराजबाग. "बदल" म्हणजे कायम वाईटच, असं एकदा डोक्यात बसलं तर कार्ड बघूनच रडणं सुरू होतं.

मोठ्या बदलांसाठी छोटी चित्रगोष्ट लिहावी. मिशिगनमधल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत मांडली. आपल्याकडे तिची सगळ्यात जास्त गरज कधी पडते, तर तान्ह्या पोळ्याला. त्याच दिवशी शहरात मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. इतवारी-महाल भागात राहणाऱ्या, आवाजानं घाबरणाऱ्या लेकरासाठी ती मिरवणूक म्हणजे संकट. चार-पाच दिवस आधीपासून रोज दाखवायची गोष्ट अशी असू शकते: "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. रस्त्यावर खूप लोक येतात. ढोल जोरात वाजतात. मी गच्चीतून बघू शकतो. आवाज जास्त वाटला तर मी कानांवर हेडफोन लावतो. मी आतल्या खोलीतही बसू शकतो. संध्याकाळी रस्ता पुन्हा शांत होतो." प्रत्येक वाक्याला एक फोटो, मागच्या वर्षीचा मिळाला तर उत्तमच. गोष्टीत "मी रडणार नाही", "मी शहाण्यासारखा वागेन" असली वाक्यं घालायचा मोह होतो. ती घालू नका. गोष्ट काय घडणार आणि काय करता येईल हे सांगण्यासाठी आहे. तिच्या आडून लेकराकडून वचनं काय घ्यायची?

आता दुसरी दिशा

एखाद्या घरात गेलं की भिंतीवरची चित्रं बघून मी मनात एक हिशेब करते: यातली किती मोठ्यांच्या कामाची, आणि किती लेकराच्या? बहुतेक ठिकाणी ब्रश, आंघोळ, अभ्यास, झोप, "शांत बस", "हात बांध" असं सगळं असतं. लेकराला हुकूम समजावेत याची चोख व्यवस्था. त्याला "नको" म्हणायचं असेल तर कार्ड नाही. "दुखतंय", "मदत कर", "संपलं", "पुन्हा", "बाहेर जायचं", यांपैकी काहीही नाही. मग ते ताट ढकलतं, हाताला चावतं, जमिनीवर लोळतं. ती त्याची "नको" म्हणायची उरलेली एकमेव पद्धत आहे, आणि तीच आपण "बिहेवियर प्रॉब्लेम" म्हणून वहीत लिहितो.

लेकराकडून बोलणं सुरू व्हावं यासाठी सगळ्यात नीट आखलेली पद्धत म्हणजे पेक्स (पिक्चर एक्स्चेंज कम्युनिकेशन सिस्टीम), चित्र देऊन वस्तू मागण्याची पद्धत. अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी ती १९८५ मध्ये अमेरिकेच्या डेलावेअर राज्यात तयार केली. तिचे सहा टप्पे आहेत. पहिल्यात लेकरू एकच चित्र उचलून समोरच्याच्या हातात देतं आणि त्याला ती वस्तू लगेच मिळते. दुसऱ्यात माणूस लांब बसतो, चित्रांची वही लांब असते. उठून जाऊन द्यावं लागतं. तिसऱ्यात दोन-तीन चित्रांतून हवं ते निवडायचं. चौथ्यात "मला हवं" आणि वस्तूचं चित्र अशी वाक्यपट्टी. पाचव्यात "काय हवं?"चं उत्तर, आणि सहाव्यात मागण्यापलीकडचं: "मला दिसतं", "मला ऐकू येतं".

पहिला टप्पा साधा वाटतो, पण घरी तो बिघडतो तो नेमका एका जागी. त्याला दोन माणसं लागतात. एक समोर, हातात आवडीचा चिवडा घेऊन; दुसरं लेकराच्या मागे. लेकरानं चिवड्याकडे हात नेला की मागचा माणूस तोच हात चित्राकडे वळवतो, उचलायला लावतो, समोरच्याच्या तळव्यावर सोडायला मदत करतो. समोरचा लगेच "चिवडा!" म्हणत चिवडा देतो. मागचा माणूस एक शब्दही बोलत नाही, आणि समोरचाही "काय हवं? दे बघू चित्र" असं विचारत नाही. विचारलं की लेकरू प्रश्नाची वाट बघायला शिकतं. आपल्याला हवं ते उलट: कुणी काही विचारलेलं नसताना त्यानं उठून यावं आणि सांगावं. आपल्या घरात गप्प बसून वाट बघणं हे कार्ड बनवण्यापेक्षाही कठीण काम आहे, हे मी पैजेवर सांगते.

चित्रावर बोट ठेवण्याऐवजी ते हातात द्यायला का लावतात? बोट ठेवताना समोर कुणी बघतंय की नाही याची फिकीर लागत नाही. रिकाम्या खोलीतही बोट ठेवता येतं. हातात द्यायचं म्हटलं की माणूस शोधावा लागतो, त्याच्यापर्यंत जावं लागतं, त्याचं लक्ष वेधावं लागतं. संवादाचा गाभा तिथं आहे. ज्या मुलांच्या हातांना ते जमत नाही त्यांच्यासाठी वेगळे मार्ग आहेत. सेरेब्रल पाल्सीत पारदर्शक फळीच्या चार कोपऱ्यांत चित्रं लावतात आणि लेकराची नजर कुठं जाते ते समोरचा माणूस फळीतून बघतो.

मागण्याची चित्रं झाली की "नको"चं कार्ड शिकवा, आणि ते मिळालं की मान द्या. भेंडीवर "नको" आलं तर भेंडी ताटातून काढा. रोजच्या औषधावर "नको" आलं तर औषध टाळता येणार नाही, तिथं "नको, कळलं मला. आधी औषध, मग गूळ" असं म्हणत आधी–मगचा पुठ्ठा दाखवा. त्याचं म्हणणं पोचलं हे त्याला दिसलं पाहिजे. शिक्षा म्हणून कार्डं काढून घेणं, वही कपाटात ठेवणं हे कधीही करू नये. "फार मागतो म्हणून चिवड्याचं कार्ड लपवलं" असं सांगणाऱ्या आया भेटतात. त्यांची अडचण खरी असते. उपाय असा की कार्ड जागेवर राहू द्यायचं आणि चिवडा संपला की त्यावर "संपलं" लावायचं.

दाखवत दाखवत बोला

बोलणारी मुलं बोलायला कशी शिकतात? वर्षभर नुसती ऐकतात. कुणी त्यांच्याकडून पहिल्या दिवशी शब्द मागत नाही. चित्रांनी बोलणाऱ्या लेकराला मात्र आपण चित्रं लावलेली पाटी देतो आणि लगेच परीक्षा घेतो: "दाखव, पंखा कुठं आहे? गाय कुठं आहे?" त्याच्याशी चित्रांनी कुणी बोललेलंच नसतं.

म्हणून मोठ्यांनीच आधी चित्रं वापरायची. पोहे वाढताना "पोहे"वर बोट ठेवत म्हणायचं "पोहे", तर्री घालताना "अजून", लेकरानं तोंड फिरवलं तर "नको". पूर्ण वाक्य तोंडानं बोला, बोट फक्त महत्त्वाच्या एक-दोन शब्दांवर. मग थांबा, मनात दहा अंक मोजा. उत्तराचा हट्ट धरू नका. या पाटीवर नुसती नामं नकोत. "हवं", "नको", "अजून", "जा", "थांब", "मदत", "उघड", "झालं" हे शब्द जेवताना, खेळताना, दवाखान्यात, सगळीकडे चालतात. "हत्ती" वर्षातून दोनदा.

नागपूरच्या घरात भाषेचा गुंता आणखी एक. घरी मराठी, त्यातही आजीची वऱ्हाडी वेगळी, खालच्या मजल्यावर आणि दुकानात हिंदी, शाळेत इंग्रजी. पालकांना कुणीतरी सांगतं की एकच भाषा ठेवा, म्हणजे इंग्रजी. मग आई मोडक्या इंग्रजीत बोलायला लागते आणि जेमतेम चार वाक्यांत संपते. लेकराला आईची भरभरून मराठी मिळायला हवी. चित्र तिन्ही ठिकाणी तेच राहतं. फक्त तोंडानं घरी "पाणी", शाळेत "वॉटर". ते चित्र दिलं की दर वेळी तेच मिळतं, एवढं लेकराला पक्कं कळलं की पुरे.

"त्याले मुकाच ठेवता का?"

हा प्रश्न आजी विचारते, आणि आईच्याही मनात तोच असतो: चित्रांची सवय लागली तर बोलणार कशाला? तर्क पटण्यासारखा आहे, पण प्रत्यक्षात तसं दिसलेलं नाही. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी आधीचे अभ्यास चाळून, त्यांतले पुराव्याच्या दृष्टीनं भक्कम तेवढे निवडले. त्यांत २७ जणांच्या नोंदी होत्या. चित्रं, खुणा किंवा यंत्रं वापरल्यामुळे एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. ८९ टक्के जणांचं वाढलं होतं, बाकीच्यांत फरक पडला नव्हता. वाढ बहुतेकांत थोडीच होती, हेही त्यांनी नोंदवलं आहे. म्हणजे चित्रांमुळे लेकरू बोलायला लागेलच अशी हमी कुणी देत असेल तर त्याच्यापासूनही चार हात लांब राहा.

कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. बोलणं हा चित्र शोधून देण्यापेक्षा जलद मार्ग आहे. ज्याला ते जमायला लागतं तो ते वापरतोच. शिवाय प्रत्येक देवघेवीत लेकराच्या कानावर तोच शब्द, त्याच क्षणी, दबावाशिवाय पडत असतो. आजीला आकडे सांगून उपयोग नाही. तिला पाटीवरचं एक कार्ड द्या, तिच्याच हातच्या लाडवाचं. नातू ते घेऊन तिच्यापर्यंत चालत आला की पुढचं तिला समजावावं लागत नाही.

ॲप, शाळा आणि दवाखाना

चित्रांचा तयार साठा हवा असेल तर स्पेनमधल्या अरागॉन सरकारचा अरासाक हा चिन्हसंग्रह घरगुती आणि शैक्षणिक वापरासाठी मोफत आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागानं जेलो नावाचं मोफत ॲप बनवलं आहे. चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं, आणि मराठीतही बोलतं. चेन्नईत तयार झालेलं अवाज हे ॲपही देशात बरंच वापरलं जातं. टॅबलेट घेतला तर तो बोलण्यासाठीच ठेवावा. त्यातच यूट्यूब असेल तर लेकरासाठी ते यूट्यूबचंच यंत्र राहतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. कागदाची पाटीही सोबत हवीच. मे महिन्यात ४५ अंशांत दुचाकीवरून जाताना तापलेला टॅबलेट बंद पडतो.

तज्ज्ञांची मदत लवकर घ्यावी. नागपुरात केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं संमिश्र प्रादेशिक केंद्र आहे. लोक त्याला सीआरसी म्हणतात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा तपासतात, आणि गरज असलेल्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. खासगी दवाखान्यात गेलात तर स्पीच थेरपिस्ट किंवा विशेष शिक्षकाकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, ते विचारा. विचारायला लाजू नका. आणि थेरपीच्या खोलीत काय वापरलं ते बघू द्या म्हणा. अर्ध्या तासाच्या सत्रात लेकरानं वीस चित्रं ओळखली आणि घरी एकही वापरायला नाही, तर त्या वीसांना अर्थ नाही.

शाळेशी बोलताना पालक विनंतीच्या सुरात बोलतात. कायदा थोडा जास्त बळ देतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारांचा समावेश आहे त्यांत ऑटिझम आहे आणि वाचा व भाषा दिव्यांगत्वही आहे. त्या कायद्यातली संवादाची व्याख्या तोंडी बोलण्यापुरती नाही; दृश्य स्वरूपातली मांडणी आणि बोलण्याला पूरक वा पर्यायी पद्धती तिच्यात स्पष्ट लिहिल्या आहेत. अशा मुलांच्या रोजच्या संवादासाठी या पद्धतींना चालना द्यावी, हे सरकार आणि स्थानिक संस्थांच्या शिक्षणविषयक कर्तव्यांतही मोडतं. वर्गशिक्षिकेला मात्र कलमं दाखवून सुरुवात करू नये. तिच्या वर्गात मुलं भरपूर असतात. तिला दोनच गोष्टी द्या: गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोरीला अडकवायची "पाणी", "शू", "मदत", "थांब" अशी चार छोटी कार्डं, आणि फळ्याच्या कोपऱ्यात त्या दिवसाच्या तासांची चित्रं. दुसरी गोष्ट वर्गातल्या इतरही बऱ्याच मुलांच्या कामी येते, हे आठवडाभरात तिच्या लक्षात येईल.

चालत नसेल तर

बहुतेक वेळा कारण साधं असतं. एकदम तीस कार्डं लावली. तीन पुरली असती. कार्डं लेकराच्या हाताला लागतच नाहीत, फ्रिजवर वरच्या बाजूला आहेत. ज्या वस्तूचं कार्ड आहे ती त्याला फार आवडतच नाही, म्हणून मागायला कारण नाही. किंवा ती वस्तू समोरच उघडी पडलेली असते. बिस्किटाचा पुडा टेबलावर असेल तर कार्ड आणून देण्याचा खटाटोप कोण करेल? पुडा पारदर्शक, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा: दिसेल, पण उघडणार नाही. तिथं बिस्किटाचं कार्डही शिकता येतं आणि "उघड"चंही.

काही महिन्यांनी लेकरू सकाळचा क्रम चित्रांकडे न बघता करायला लागतं. लगेच तक्ता उतरवू नका. आपणही पाठ असलेल्या गोष्टी डायरीत लिहितोच, आणि आजारपणात, परीक्षेच्या दिवसांत, पाहुण्यांनी भरलेल्या घरात पाठ असलेलं विसरायला होतं. रूप बदलता येतं: मोठ्या फोटोंची छोटी चिन्हं, चिन्हांची शब्दांची यादी, यादीची मोबाइलमधली नोंद.

आणि कार्डं हरवतात. चावली जातात, पाण्यात पडतात, व्हॅनमध्ये राहतात. एखादं नेमकं "शू"चं कार्ड हरवतं. म्हणून सगळ्या फोटोंचा एक फोल्डर मोबाइलमध्ये ठेवा आणि छापताना तीन संच छापा: एक घरी, एक दप्तरात, आणि एक आजोळी, मग ते वर्ध्याला असो की भंडाऱ्याला.